शिवणीतली माया

गळतीचा भोंगा झाला की तरंगवाडीत बाया आधी पोरांना पाण्यात सोडतात, मग स्वतः उतरतात. पुरुष शेवटी. हा क्रम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो चुकलेलं माणूस वाडीत फार दिवस टिकत नाही.

हेमांगी केळसकरला हे ठाऊक नव्हतं. ती त्याच सकाळी किनाऱ्यावरून बोटीने आली होती. पाठीवर मोजमापाच्या उपकरणांची पेटी, पोटाशी सहा महिन्यांची अबोली. लेक अजून अंगावर पीत होती म्हणून मागे ठेवता आली नव्हती. भोंगा झाला तेव्हा हेमांगी एका तराफ्याच्या कडेला बसून तिला पाजत होती. आकाशात पोपटी रंगाची एक झाक सरकली, भरदुपारीही दिसावी अशी. हेमांगीने मान उचलून वर पाहिलं.

"वर काय बघतेस? पोर दे!"

एका म्हातारीने अबोलीला तिच्या छातीवरून अक्षरशः ओरबाडून काढलं. बाळाच्या ओठांतून दुधाची धार उडाली. म्हातारीने तिला रबरी कापडाच्या एका झोळीत कोंबलं, नाकातोंडावर मऊ वाटी बसवली, पट्टा आवळला, झोळी हेमांगीच्या गळ्यात अडकवली आणि दोघींना पाण्यात ढकलून दिलं.

"चाळीस मोज! त्याच्या आधी वर येशील तर मी तुला ओळखत नाय!"

दोन माणूस-उंची खोल पाण्यात आडवे दोर बांधलेले होते. त्यांना धरून सगळी वाडी लटकत होती. शेकडो माणसं, शेकडो पाय. हेमांगीने लेकीच्या टाळूवर हनुवटी दाबली आणि मोजायला सुरुवात केली. सातव्या आकड्याला वरचं पाणी पेटलं. पेटलेले खडे पाण्यात घुसत, मागे बुडबुड्यांची पांढरी रेघ सोडत आणि तिच्या पायांजवळून जाईतो नुसते काळे दगड होऊन खाली निघून जात. एकोणिसाव्या आकड्याला समोरच्या दोरावरच्या माणसाचा हात खांद्यापासून सुटला. तो हात दोर धरूनच राहिला. माणूस खाली गेला. अबोली झोळीत लाथा मारत होती, आणि प्रत्येक लाथेबरोबर हेमांगीला वाटत होतं, मार, आणखी मार.

बत्तिसाव्या आकड्याला शेजारची एक तरुण बाई वर गेली. तिच्या बाळाच्या वाटीचा पट्टा निसटला होता.

चाळीस झाले तेव्हा तराफ्यांच्या कडा जळत होत्या. सहा माणसं गेली होती. वर गेलेल्या त्या पोरीचं, भाविका पावसेचं, चार महिन्यांचं बाळ त्यांत होतं. भाविका जिवंत होती. तिचा एक कान भाजून गळला होता आणि ती तो शोधत नव्हती.

*

हे दगड आले कुठून, ते आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. बेचाळीस वर्षांपूर्वी खनिजांसाठी पृथ्वीजवळ ओढून आणलेला एक लघुग्रह फुटला. त्याचा चुरा पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि रोज थोडा थोडा खाली येऊ लागला. लोक त्याला खडी म्हणतात. पहिल्या वर्षात खडीने जेवढी माणसं मारली तेवढी कुठल्याही लढाईने मारली नसतील. मग समछत्र आलं: हवेच्याही वर ताणलेला, विजेने भारलेल्या तंतूंचा एक पडदा. खडी त्याच्यावर आपटते आणि तिची राख होते.

पडदा विणणारी यंत्रं तंतू फक्त पूर्व-पश्चिम सोडू शकतात. म्हणजे पडदा आडव्या ओळींचा बनतो, एकेका अक्षांशाची एकेक ओळ, आणि एका ओळीतला तंतू दुसऱ्या ओळीत जात नाही. यंत्रांना सपाट आराखडा लागतो आणि पृथ्वी आहे गोल. गोल वस्तू सपाट करायची तर काहीतरी सोडावंच लागतं. शाळेच्या भिंतीवरच्या जुन्या नकाशात सगळ्या ओळी सारख्याच लांबीच्या असत, त्यामुळे ध्रुवाजवळचे प्रदेश फुगून राक्षसासारखे दिसत. समछत्राला तसला नकाशा चालणार नव्हता. फुगलेल्या देशांवर जाड पडदा आणि विषुववृत्तावर फाटका, असं झालं असतं. म्हणून निवडला तो छद्म-दंडगोल प्रक्षेप. त्यात ओळी सरळच राहतात, पण ध्रुवाकडे जाताना प्रत्येक ओळ पृथ्वीवर जेवढी आखूड होते तेवढीच नकाशातही होते. उभ्या रेषा मात्र कमानीसारख्या वाकतात. क्षेत्रफळाचा हिशेब चोख: जेवढी जमीन तेवढंच छत्र. कायद्याचं पहिलं वाक्यही तेच आहे. कुणाच्याही डोक्यावर कमी नाही, कुणाच्याही डोक्यावर जास्त नाही.

जगाने हे वाक्य ऐकून रडत रडत टाळ्या वाजवल्या होत्या. हेमांगीच्या आईने तिला ते गोष्टीसारखं सांगितलेलं.

आता हेमांगी कणानगरच्या समछत्र केंद्रात नकाशाकार होती. दरवर्षी एकदा आराखडा तपासून पुन्हा कोरला जाई, त्याला केंद्रात उजळणी म्हणत. यंदा ती उजळणी तिच्याकडे होती. उजळणीआधी पडद्याचे भाग जिथे जुळतात त्या शिवणीची रुंदी नोंदवायची असते. आधीचे सगळे नकाशाकार कचेरीत बसूनच नोंदवत आले होते: शून्य. हेमांगीला काय वाटलं कुणास ठाऊक, ती मोजायला आली.

*

"सानिका चोगले," म्हातारीने संध्याकाळी स्वतःचं नाव सांगितलं. "वाडीची शिंपीण. तुज्या लेकीच्या अंगात ती बुडझोळी हाय ना, ती माझीच."

ती बोलत होती आणि तिचं मशीन चालत होतं. सहा जणांसाठी सहा पिशव्या. सर्वांत लहान पिशवी तिने शेवटी ठेवली होती. अबोली हेमांगीच्या मांडीवर दमून झोपली होती. तिच्या कानामागे अजून मीठ होतं. हेमांगी ते ओल्या बोटाने पुसत होती, पुन्हा पुन्हा.

"मी विचारलेलं तुमच्या कचेरीला," सानिका म्हणाली. "अकरा पत्रं घातली. आमच्यावरच का पडते खडी? उत्तर आलं, तुमच्या पत्त्यावर कुणी राहत नाही."

हेमांगीने दुसऱ्या कानामागचं मीठ पुसायला घेतलं.

"तू शिकलेली हायस. सांग मला. येड्या माणसाला सांगतात तसं सांग."

हेमांगीने आजूबाजूला पाहिलं. खुंटीला परकर टांगलेला होता, कळ्यांचा. तिने तो ओढून घेतला.

"आजी, हा परकर कसा शिवता?"

"कसा म्हणजे? कळ्या कापायच्या नि जोडायच्या."

"एकसंध कापड का नाही गुंडाळत?"

"घेर कसा बसेल? कंबरेशी चुण्या पडतील."

"तेच. पृथ्वीला कंबरा दोन आहेत, वर एक, खाली एक. मधे घेर. एकच कापड घातलं तर मधल्या उभ्या रेषेवर ते नीट बसतं. त्या रेषेला आम्ही कणा म्हणतो. पण कण्यापासून लांब, दोन्ही काठांना, कापड तिरपं होतं. क्षेत्रफळ तेवढंच राहतं, पण चौकोन कलंडतात."

सानिकाचा पाय मशीनवर थांबला. "काठाला कापड उरेब होतं."

"हो!" हेमांगीला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. "उरेबच. आणि उरेब कापडाच्या विणीतून खडी निसटते."

"निसटणारच. उरेब म्हणजे ताणलं की सुटलं."

"म्हणून एका कापडाऐवजी सहा कळ्या केल्या. प्रत्येक कळीला आपला कणा. काठ लांब जात नाहीत, कापड फार कलंडत नाही. पण कळ्या आल्या की शिवण आली. ती कुठून तरी जाणारच. तेव्हा त्यांनी समुद्रातून नेली. समुद्रात तेव्हा कुणी राहत नव्हतं."

"आम्ही तेव्हा हर्णैला होतो," सानिका म्हणाली. "मग हर्णै पाण्यात गेली. वर डोंगरावर कुणी घेईना. माझ्या सासऱ्यांनी पहिला तराफा बांधला. आम्हाला काय म्हाईत, डोक्यावर तुमची शिवण हाय." तिने परकर उलटा केला, आतली बाजू हेमांगीसमोर धरली. दोन कळ्यांच्या जोडापाशी दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून टिपलेलं होतं. "आणि माया किती सोडलीस?"

"काय?"

"माया गो. शिवणीतली माया. दोन काठ नुसते एकमेकांना टेकवून शिवलेस तर पहिल्या हिसक्याला उसवणार. म्हणून कापताना माया सोडायची, दोन्हीकडे. वरून दिसत नाय. पण कपडा टिकतो तो तिच्यावरच. किती सोडलीस?"

हेमांगी परकराकडे बघत राहिली. गणितात तिला सुवर्णपदक होतं. हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"नाही सोडली," ती म्हणाली. "आराखड्यात शिवण म्हणजे रेषा. रेषेला लांबी असते. रुंदी नसते, क्षेत्रफळ नसतं. कायदा क्षेत्रफळावर चालतो. माया सोडायची तर तेवढं कापड दुसऱ्या कुणाच्या डोक्यावरून कमी करावं लागेल. आणि ज्याच्या घरावर क्षेत्रफळच नाही, तो..."

"तो राहत नाही," सानिकाने वाक्य पुरं केलं.

वर दोन कळ्यांचे काठ वाऱ्यात फडफडणाऱ्या कापडासारखे हलत आणि मधे फट पडे. हेमांगीच्या उपकरणांनी दुपारी ती फट मोजली होती. अकरा किलोमीटर. तरंगवाडी सबंध तीत मावत होती.

दाराशी सावली पडली. भाविका होती. वीस वर्षांची असेल नसेल. कानावर फडकं, अंगावर ओला झगा, त्याच्या छातीवर दुधाचे दोन गोल डाग पसरलेले. ती सानिकाकडे गेली नाही. हेमांगीसमोर बसली आणि तिने हात पुढे केले.

हेमांगीला लेक द्यायची नव्हती. पण तिने दिली.

भाविकाने अबोलीला उभं धरलं, नीट न्याहाळलं. मग उठली, मशीनवरची सानिकाची टेप उचलून गळ्यात टाकली आणि तराफ्याच्या कडेला गेली. खाली पाणी होतं, काळं, अजून धूर येणारं. सानिका पुटपुटली, "भाविके, इकडे ये गो." भाविकाने ऐकलं नाही. कडेला पाय सोडून बसली, गळ्यातली टेप काढली आणि झोपलेल्या बाळाच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत लावली.

"बाई, रेषेला रुंदी नसते म्हणालात ना आत्ता?"

हेमांगी गुडघ्यांवर तिच्याजवळ सरकली.

"हिची सात इंच हाय." भाविकाने टेप गुंडाळली. "माझ्याची पण सातच होती. आजीने मागच्या मंगळवारी माप घेतलेलं."

अबोली जागी झाली, तिला दुधाचा वास आला आणि ती त्या अनोळखी छातीकडे तोंड घासू लागली. भाविकाने तिला हातभर दूर धरलं. एक क्षण कुणालाच कळलं नाही ती काय करणार. मग तिने झगा वर केला आणि अबोलीला पाजलं. पाण्याकडे बघत, दोन्ही बाजूंनी.

*

"अहवाल उत्तम आहे," देवस्थळी म्हणाले. ते केंद्राचे संचालक, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, आवाज कधीही न चढवणारे. "परकराचा दाखला तर फारच छान. पण करायचं काय?"

"शिवण सरकवू."

"पूर्वेला सरकवली तर किनाऱ्यावरची शहरं. पश्चिमेला खारव्यांची वस्ती तरंगते. तीही तुझ्या नकाशात नाही. सांग, कुणाचं माप घेऊ?"

"मग माया सोडू. सगळ्यांचं केसभर कमी करू."

"कायद्यात शब्द 'समान' आहे, हेमांगी. 'पुरेसं' नाही. जगात कुठेही पडदा केसभर पातळ झाला की मोजणीयंत्र बोंब मारतं. दुसऱ्या मिनिटाला आराखडा आपोआप पूर्ववत."

तो नियम हेमांगीला पाठ होता. मोजणीयंत्र कसं मोजतं तेही. ते प्रत्येक ठिकाणच्या जाडीची तुलना कण्याशी करतं, कारण कण्यावर नकाशा अचूक असतो. ज्याच्याशी सगळं ताडून पाहायचं, त्याला कुणाशी ताडणार? सोनाराच्या वजनातलं एक वजन हलकं निघालं तर इतर वजनं ते पकडतात. पण वजन एकच असेल तर?

कण्याची जाडी कमी केली तर ते कुणालाही कळणार नव्हतं. यंत्र थोडं गोंधळलं असतं, पण उजळणीत दुरुस्तीचा आकडा भरायची मुभा होती. एक आकडा.

आणि तंतू ओळ सोडत नाहीत. ज्या ओळीत फट, कापड त्याच ओळीतून यायला हवं. हेमांगीने तरंगवाडीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सरळ पूर्वेला नेलं. समुद्र, बुडालेला किनारा, घाट, आणि मग कणा. कणा जिथे ती ओळ छेदत होता तिथे कणानगर होतं.

त्यात योगायोग नव्हता. कणा कळीच्या मधोमधच असायला हवा असं गणित म्हणत नाही. तो कुठे ठेवायचा हे आखणाऱ्यांनी ठरवलं, आणि तो आखणाऱ्यांच्या घरांवरून गेला. जगातली सर्वांत सुरक्षित जागा म्हणून पुढे तिथे अठरा लाखांचं शहर वसलं. केंद्र तिथेच. पाळणाघर तिथेच. हेमांगीचं दोन खोल्यांचं घर, दारातला झोका आणि शेजारची मुग्धा तिथेच.

तिने हिशेब केला. चोवीस किलोमीटरच्या पट्ट्यात पडदा निम्मा होईल. बारीक खडी अडेल. मोठी सर पडली तर निसटेल, वर्ष-दीड वर्षातून एकदा. सरासरीने वर्षाला तीन माणसं. तरंगवाडीत गेल्या वर्षी एकशे नव्वद गेली होती.

तीन हा आकडा तिला फार लहान वाटला. जणू त्याला रुंदीच नव्हती.

उजळणीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ती आकड्याच्या रिकाम्या चौकटीसमोर बसली. मांडीवर अबोली होती. पिऊन झोपलेली, ओठ अजून चोखत, एक मूठ हेमांगीच्या कुडत्यात. कुणाला सांगितलं तर आकडा पूर्ववत होणार. म्हणजे सांगायचं नाही. मग निदान इथून निघून जायचं, लेकीला घेऊन? ते तिला जमेना. आपलं पोर उचलून दुसऱ्यांची ठेवायची, याला तिच्याकडे शब्द होता: दगा. राहिलं तर त्याला शब्द नव्हता. म्हणून ती राहिली.

तिने आकडा भरला. भरताना झोपलेल्या लेकीच्या डोक्यावर डावा तळहात धरला. ऊन लागू नये म्हणून धरतात तसा.

*

आठव्या आठवड्यात तरंगवाडीतून पार्सल आलं. आत एक बुडझोळी, नवी, जांभळ्या काठाची, आणि सानिकाचा बोलका संदेश. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"बाय, पन्नास दिवस झाले, भोंगा नाय. काल भाविका तराफ्यावर दुपारची निजली. वर, उघड्यावर! तिला बघायला सगळी वाडी जमली. आम्ही आता बुडझोळ्या वापरत नाय, पण माझ्या हाताला दुसरं येत नाय, म्हणून तुज्या लेकीला एक केली. आत भरपूर माया सोडलीय. पोर वाढेल तशी उसवून मोठी कर."

हेमांगीने ती झोळी उलटी केली आणि आतल्या दुमडीवर बोट फिरवलं. तीन बोटं जास्तीचं कापड. दोन्हीकडे.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी लेकीला घेऊन सोसायटीच्या पोहण्याच्या तलावावर जाऊ लागली. अबोलीला झोळीत घालायची, वाटी बसवायची आणि खोल बाजूला उतरायची. आधी पाच आकडे, मग दहा, मग वीस. अबोलीला आवडू लागलं. पाण्याखाली ती डोळे उघडे ठेवायची आणि आईच्या नाकाला हात लावायची.

"काय गं हे वेड?" मुग्धा खुर्चीवर पाय सोडून हसायची. ती कणानगरातच जन्मलेली, खडी तिने फक्त बातम्यांत पाहिलेली. "ऑलिंपिकला पाठवतेस की काय?"

"सवय असावी पाण्याची."

"आमच्या ऋजूला शिकव मग. ही मेली पाण्याला घाबरते."

ऋजू तीन वर्षांची. लाल बादली घेऊन झोपाळ्यापाशी वाळूत बसलेली असायची आणि हाक मारली की मान हलवून नको म्हणायची. हेमांगी तिला रोज बोलवायची. रोज. कधी खाऊ दाखवून, कधी खोटं रागावून. एकदा तर तिने ऋजूला उचलूनच पाण्यात धरलं, पोर किंचाळली आणि मुग्धा जरा तुटकपणे म्हणाली, "राहू दे गं हेमांगी. जबरदस्ती नको."

सांगून टाकावं असं हेमांगीला त्या वेळी वाटलं होतं. तेव्हा भाविका आठवली, तराफ्यावर उघड्यावर निजलेली. हेमांगीने ऋजूला काठावर ठेवलं आणि 'बरं' म्हणाली.

ज्या दिवशी झालं तो गुरुवार होता. दुपारचे चार. अबोली झोळीत, हेमांगी छातीभर पाण्यात. मुग्धा खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि तिने बोट वर केलं.

"अय्या! रंग बघ आकाशाचा!"

पोपटी. घाटाकडून सरकत येणारी.

कणानगरात भोंगा नव्हता. कधी लागलाच नव्हता.

"वर बघू नका!" हेमांगी ओरडली. "पाण्यात! मुग्धा, ऋजूला घेऊन पाण्यात!"

बाकावरची चार माणसं तिच्याकडे बघू लागली. मुग्धा हसली. अर्धवट, न कळून. "ऋजू, मावशी बोलावतेय बघ."

आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, ऋजू उठली. खेळ आहे असं तिला वाटलं असावं. बादली घेऊन ती धावत निघाली. वीस पावलांचं अंतर, तिच्या पावलांनी चाळीस. हेमांगीच्या हातांनी वाटी बसवली, पट्टा आवळला. सात आकडे मिळतात, तिला ठाऊक होतं. पाचपर्यंत ती वर थांबली. सहाला अबोलीने तिच्या मानेत डोकं खुपसलं.

सहाव्या आकड्याला ती खाली गेली. उजवा हात मात्र तिने पाण्याबाहेर ठेवला, तळवा उघडा, ऋजूला धरता यावा म्हणून.

वरचं पाणी पेटलं. अकराव्या आकड्याला तिच्या हातावर काहीतरी आदळलं, आणि तो बोटांचा स्पर्श नव्हता. तिने हात तरीही खाली घेतला नाही. सोळा. सतरा. लाल बादली पाण्यात पडली आणि तिरकी होत होत तिच्या समोरून तळाशी गेली. अबोलीने ती बघितली, डोळ्यांनी तिच्या मागोमाग गेली. पंचवीस. तीस. हेमांगीच्या मनगटापासून लाल धागे पाण्यात उतरत होते, सरळ, एकमेकांना समांतर.

चाळीस.

ती वर आली. झोपाळ्याची साखळी जळत होती. बाक नव्हता. बाकावरची माणसं जिथे होती तिथे वाफ निघत होती. काठापासून दोन पावलांवर ऋजू पालथी पडली होती, एक हात पुढे. तिच्या पाठीतून फरशी दिसत होती.

सोसायटीबाहेरच्या चौकातला मोठा फलक शाबूत होता. रोज चारला यावी तशी त्यावर नोंद आली: आजचं छत्र, सर्वत्र समान.

मुग्धा भिंतीपाशी फेकली गेली होती. उठली. ऋजूजवळ आली, बसली, तिचा फ्रॉक पाठीवर नीट केला. मग ती हेमांगीकडे वळली. तिच्या दोन बोटं तुटलेल्या हाताकडे पाहिलं. जांभळ्या काठाच्या झोळीकडे पाहिलं. झोळीतल्या, पाणी निथळणाऱ्या, धडधाकट बाळाकडे पाहिलं. रोजच्या त्या पाच, दहा, वीस आकड्यांचा तिच्या डोळ्यांत हळूहळू अर्थ लागत होता.

"तुला कसं ठाऊक होतं?" तिने विचारलं.

अबोली हसली. मुग्धामावशी तिच्या ओळखीची होती. तिने दोन्ही हात पसरले.

हेमांगीने बोलायला तोंड उघडलं. आधी पाणीच आलं.